केंद्र सोडून काळा जिंकतो तो कसा?

प्रश्न : माझा मुलगा नववीत असून जिल्हा पातळीवरील बुद्धिबळ स्पर्धांत खेळतो. काळी मोहरी आली की तो जी६ खेळून उंट जी७ वर बसवतो आणि डी४, ई४ ही पटाच्या मधली (केंद्रातली) दोन्ही घरे पांढऱ्याला खुशाल देऊन टाकतो. विचारले तर ‘फिशरही असाच जिंकला’ म्हणतो. केंद्र सोडून खरोखर जिंकता येते का?
– एक पालक, परभणी

उत्तर : येते, पण चिरंजीवांनी अर्धीच गोष्ट सांगितली आहे. १९५६ मध्ये न्यूयॉर्कच्या रोझेनवाल्ड स्पर्धेत तेरा वर्षांचा बॉबी फिशर, पुढे जगज्जेता झालेला अमेरिकन खेळाडू, काळ्या मोहऱ्यांनी डोनाल्ड बर्नविरुद्ध ‘ग्रुनफेल्ड बचाव’ नावाची सुरुवात खेळला. देवगिरी किल्ल्यात शत्रूला अंधारी या काळोख्या भुयारी वाटेपर्यंत येऊ देऊन मग त्याचा समाचार घेण्याची जी योजना होती, तीच या बचावामागे आहे : पांढऱ्याला केंद्र उभारू द्यायचे आणि मग ते फोडायचे. फिशरने पाचव्याच चालीला डी५ करून पुढे सी४ वरचे प्यादे घेतले. बर्नने ते घेणारे काळे प्यादे वजिराने मारले आणि आठव्या चालीला ई४ खेळून भक्कम दिसणारे केंद्र उभारले. या खटाटोपात त्याचा वजीर सी५ पर्यंत भटकला, आधीच बाहेर काढलेला उंट अकराव्या चालीला पुन्हा हलला आणि राजा किल्लेकोटाविना, म्हणजे हत्तीच्या आड सुरक्षित न जाता, ई१ वरच राहिला. तेव्हा फिशरने घोडा ए४ वर, थेट पांढऱ्या घोड्याच्या तोंडी दिला. तो मारला असता, तर काळ्याचा दुसरा घोडा ई४ वरचे प्यादे खाऊन वजीर आणि उंट या दोघांवर एकदम चालून गेला असता. बर्नने मोह टाळला, तरी ते प्यादे गेलेच आणि राजासमोरची ई पट्टी (ई घरांची उभी रांग) मोकळी होत गेली. सतराव्या चालीला फिशरने वजीर मारू दिला, त्याचेच कौतुक सगळे करतात, आणि ती चाल देखणी आहेच. माझ्या मते मात्र निकाल ई४ पडले तेव्हाच झुकला होता. वजिराच्या बदल्यात हत्ती, दोन उंट आणि एक प्यादे मिळवून त्याने ४१ व्या चालीला मात केली.

आता मुलाच्या हरलेल्या डावांचे चाली लिहिलेले कागद काढा आणि केंद्रावर डी५ किंवा सी५ हा प्याद्याचा घाव त्याने कितव्या चालीला घातला, ते पाहा. तो घाव बहुतेक डावांत नसेलच, तर पांढरा ई५ रेटून त्याचा घोडा हुसकावत असणार आणि काळ्याची कोंडी होत असणार. तसे दिसल्यास निदान वर्षभर त्याला ई४ ला ई५ आणि डी४ ला डी५ असे सरळ उत्तर देऊ द्यावे.