धिम्मी की जिम्मी?

प्रश्न असा आलाय की इराणमधल्या जरथुश्त्री, म्हणजे पारशांच्याच धर्माच्या, लोकांचा इतिहास वाचताना मुस्लिम राज्यातल्या अशा बिगर-मुस्लिम प्रजेला एका ठिकाणी धिम्मी म्हटलेलं दिसतं, दुसरीकडे जिम्मी, तर हे दोन वेगळे दर्जे होते का आणि मराठीत काय लिहायचं.

नाही हो, शब्द एकच आहे, आणि गंमत म्हणजे तुम्ही तो रोज वापरता. पोरांचा जिम्मा आजीवर टाकून आपण ऑफिसला जातो ना, तोच हा जिम्मा. मूळ अरबी शब्दाचं पहिलं अक्षर 'जाल', अरबीत त्याचा उच्चार इंग्रजी 'दिस-दॅट'मधल्या द सारखा, ते इंग्रजीत डी-एच लिहितात आणि आपण ते बघून डोळे मिटून ध करतो. फारसीत त्याचाच झ होतो आणि आपल्याकडे हा सगळा माल फारसीतून आलेला, म्हणून अजान, जरा, जिम्मा. मग एकट्या धिम्मीनेच काय घोडं मारलंय? मी तरी जिम्मीच लिहितो.

अर्थाचं म्हणाल तर करार, हमी आणि अंगावरचं देणं, तिन्ही त्यात आहे. म्हणजे राज्याने जीव, मालमत्ता, उपासना यांची हमी घ्यायची आणि बदल्यात या लोकांनी जिझिया नावाचा कर भरायचा, शिवाय पोशाख, घोड्यावर बसणं असल्या गोष्टींत खालचं स्थान मान्य करायचं, आता हे नियम किती कडक लागायचे ते राजा आणि गाव बघून बदलायचं. म्हणून 'संरक्षित प्रजा' हे भाषांतर मला अर्धवट वाटतं, आणि 'दुय्यम नागरिक' पण, कारण नागरिक ही कल्पनाच तेव्हा नव्हती.

जुनी कागदपत्रं बघणार असाल तर एक सांगतो, ऑटोमन कोर्टाच्या नोंदवह्यांत जिम्मी हे बहुतेक ख्रिश्चनांच्या नावापुढे असतं, ज्यूंना सरळ यहुदी लिहितात. आणि कैरोच्या गेनिझातल्या, म्हणजे तिथल्या सिनेगॉगमध्ये साठवलेल्या जुन्या कागदांतल्या, ज्यूंच्या पत्रांत याच कराला बऱ्याचदा 'जालिया' म्हटलंय, नुसता जिझिया शोधत बसलात तर निम्मं हातातून जाईल.

तुमच्या इराणच्या गोष्टीत तर मुंबईच आहे. तिथल्या जरथुश्त्रींचे हाल ऐकून मुंबईच्या पारशांनी 1854 मध्ये माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे पाठवलं, त्यांनी शाहाच्या दरबारात वर्षानुवर्षं खेटे घातले तेव्हा कुठे 1882 मध्ये नासिरुद्दीन शाहाने जिझिया माफ केला. जिम्मींचा जिम्मा शेवटी पारशांनीच घेतला म्हणा ना.

आणि हो, मंगळागौरीचा झिम्मा वेगळा, तो यात घुसडू नका.