जेलमधून सुटलेल्या माणसाला दुकानात कामाला ठेवावं का?

हर्सूलच्या जेलमधून सुटलेला माणूस तुमच्या परभणीच्या हार्डवेअरच्या दुकानात काम मागतोय आणि पोलिसांची परवानगी लागते का, असं तुम्ही विचारलंय. शिक्षा भोगून सुटला असेल तर लागत नाही. फर्लो-पॅरोलवर, म्हणजे शिक्षा चालू असताना मिळालेल्या रजेवर असेल तर त्याच्या कागदावर अटी असतात, तेवढ्या वाचून घ्या.

पण खाली 'घरचे नको म्हणतात' असंही लिहिलंय, म्हणून हात थांबत नाही.

माझं जालन्यात ट्रॉल्या बनवायचं वर्कशॉप आहे. माझा फिटर खुनात जन्मठेप भोगून आलाय. बांधाच्या भांडणात चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली. घातली, हे तो स्वतःच सांगतो. आधी हर्सूल, शेवटची वर्षं पैठणचं खुलं कारागृह. तिथं शेतात राबायचं, पळायचं म्हटलं तर रान मोकळं. हा पळाला नाही. सरकारनं एवढा भरोसा ठेवला, पण सुटून गावी गेला तर भावकीनं घरात घेतलं नाही.

सुरुवातीला 'बस' म्हटल्याशिवाय बसायचा नाही. पाणी प्यायलाही विचारायचा. संध्याकाळी पाने, ड्रिलची बिटं, ग्राइंडरच्या चकत्या फरशीवर ओळीनं मांडून मोजायचा. आत रोज गिनती होते ना, ती अंगात मुरलेली. एकदा म्हणाला, "शेठ, तेराचा पाना कमी आहे." पोरं हसली. पाना निघाला गिऱ्हाइकाच्या ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये.

आमच्या दाजींनी मात्र भर दिवाळीत सगळ्यांसमोर विचारलं, "खुनी माणसाच्या हातात गॅसकटर? काहून?" तेव्हा बहिणीकडं बघून गप्प बसलो. इथं सांगतो. दाजी स्वतः बांधावरून पुतण्याशी तहसीलपर्यंत गेलेत, काठीही उगारली होती. चार माणसांनी धरलं म्हणून वाचले. माझ्या फिटरला धरायला त्या दिवशी शेतात कोणी नव्हतं.

'आत गेला म्हणजे गुन्हेगार' हेही त्यांचंच. २०२२ ची सरकारी आकडेवारी बघा, देशातल्या शंभर कैद्यांपैकी पंचाहत्तर कच्चे कैदी आहेत, म्हणजे निकालच लागलेला नाही. काहींचा जामीन मंजूर असतो, पण जामीनदार मिळत नाही म्हणून आत. अशा गरिबांसाठी २०२३ पासून केंद्राची योजना आहे, तिच्यातून जामिनाचे पैसे भरता येतात, २०२३ ला मर्यादा ४० हजारांची होती. तालुक्याला कोणाला विचारा, माहीत नसतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करायची.

आणि माणसाला कोंडल्याशिवाय सुधारायचं हे काही आजचं खूळ नाही. औंध संस्थानानं १९३९ मध्येच आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं, कैदी तिथं बायकापोरांसह राहून शेती करायचे. माझ्या मते जेलं निम्मी रिकामी केली तरी आभाळ कोसळणार नाही. मारामारी, चिल्लर चोरी, दारूच्या केसवाल्यांना कोंडून काय मिळतं? बाहेर येतात ते रोजगार गेलेले आणि वर दोन नवे दोस्त घेऊन.

आता, सरसकट सगळ्यांना ठेवा असं नाही. बायका-लेकरांवर हात टाकून आलेला मी ठेवणार नाही, माझं मनच होत नाही. दारू सुटली नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात तरी नको. गल्ला सुरुवातीला कोणालाच देऊ नका, नात्यातल्याला तर मुळीच नाही. माझा गल्ला एकदाच हलका झाला, तेव्हा फिटर पैठणला होता आणि गल्ल्यावर दाजींचा पोरगा.

ठेवलाच तर पहिला पगार रोख आणि आठवड्याचा द्या, महिनाभर थांबायला त्याच्याकडं काही नसतं. राहायचं कुठं ते विचारा. आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर आधी बदलून घ्या. जुनं सिम कधीच बंद पडलेलं असतं, ओटीपी येत नाही आणि बँकेत नुसते हेलपाटे होतात.