हॅम रेडिओच्या पहिल्या इमर्जन्सी ड्रिलला (आपत्तीच्या सरावाला) बसण्याआधी थोडं ऐक
हॅमचं (हौशी रेडिओचं) लायसन्स आलं म्हणून लगेच माइक हातात घेऊ नकोस, आधी नुसतं ऐक. अटलांटिकात वादळ जमिनीजवळ आलं की हरिकेन वॉच नेट (वादळाची माहिती देणाऱ्या हॅम लोकांचं रेडिओवरचं जाळं) दिवसा 14.325 मेगाहर्ट्झवर आणि रात्री 7.268 वर असतं, तिथे नेट कंट्रोल, म्हणजे नेट चालवणारा, कसा बोलतो, कोणाला थांबवतो ते कळतं, आणि तू वादळाच्या पट्ट्यात नसशील तर तिथे गप्प बसणं हीच मदत. हरिकेनचा सीझन 1 जून ते 30 नोव्हेंबर, त्यामुळे तयारी मे मधेच हवी, मायामीच्या हरिकेन सेंटरमधलं स्टेशन डब्ल्यूएक्स-4-एनएचसी पण साधारण तेव्हाच टेस्ट घेतं.

आता खरी गोष्ट, बॅटरी. ड्रिलच्या दिवशी घरातला मेन स्विच खरंच बंद कर. 100 वॉटचा सेट ट्रान्समिटला 20 अँपिअरच्या आसपास खेचतो, माझी बॅटरी पहिल्याच ड्रिलला मधेच झोपली होती (चार्ज करायलाच विसरलेलो, काय सांगू). पॉवर कमी ठेव, बोलणं त्याहून कमी. मेसेज कागदावर लिहून शब्द न बदलता वाच, नावं फोनेटिकमधे (A ला अल्फा, B ला ब्राव्हो असं). विनलिंक (रेडिओवरून ईमेल पाठवायची सोय) नंतर शिकलास तरी चालेल.