दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल भावाला अटक झाली आहे. जामीन मिळेल का?

आपण लिहिले आहे की शनिवारी रात्री पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या नाकाबंदीत आपल्या धाकट्या भावाची दुचाकी अडवली, श्वासचाचणीत ७४ असा आकडा आला, त्याला पोलीस ठाण्यात नेले, आणि कल्याणीनगरच्या अपघातानंतर अशा प्रकरणांत जामीन मिळतच नाही असे कोणीतरी आपल्याला सांगितले. मी शिवाजीनगरच्या न्यायालयात अठरा वर्षे फौजदारी वकिली करतो. आपल्याला सांगितलेले खरे नाही, आणि याच भीतीपोटी लोक नको तिथे पैसे घालवतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

अपघात झालेला नसेल, कोणाला इजा झालेली नसेल, तर आपल्या भावावर मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८५ लागते. रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना वाहन चालवणे हा तो गुन्हा. पहिल्या वेळी त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. शिक्षा तीन वर्षांपेक्षा कमी असल्यामुळे हा गुन्हा जामीनपात्र ठरतो, आणि जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. द्यावा की न द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार पोलिसांना नाही आणि न्यायाधीशांनाही नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम ४७८ प्रमाणे पोलीस ठाण्याचे प्रभारी अधिकारी स्वतःच त्याला जामिनावर सोडू शकतात, त्यासाठी सोमवारपर्यंत थांबावे लागत नाही. विनावॉरंट अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण, आणि गुन्हा जामीनपात्र असल्यास जामिनाचा हक्क, पोलिसांनी आपणहून सांगितला पाहिजे, असेही ही संहिता सांगते. ठाण्यात गेल्यावर आधी एवढेच नम्रपणे विचारावे की कोणकोणती कलमे लावली आहेत. उत्तर लिहून घ्यावे. पुढचे सगळे त्या उत्तरावर अवलंबून आहे.

एक तरतूद फार थोड्या लोकांना माहीत असते. कलम १८५ खाली अटक केलेल्या माणसाची नोंदणीकृत डॉक्टरकडून वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर त्याला कोठडीतून सोडावे लागते, असे मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे. म्हणून अटकेची वेळ आणि तपासणीची वेळ या दोन्ही नोंदी पाहून ठेवाव्यात. मात्र रक्त देण्यास नकार देण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नये, कारण सबळ कारणाशिवाय दिलेला नकार पुढे आरोपीविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारी बाब मानता येतो. कोणत्याही कारणाने ठाण्यातून सुटका झाली नाही, तर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावेच लागते. रविवार असला तरी सुटीच्या दिवशी बसणारे न्यायालय असते.

आता कागदांविषयी. ऐपत असलेला जामीनदार उभा करायचा असेल, तर त्याचे आधार कार्ड, पत्त्याचा पुरावा, आणि पगारपत्रक, मालमत्ता कराची पावती किंवा सातबारा उतारा यांपैकी जे असेल ते सोबत ठेवावे. जामीनदार म्हणून सही करणाऱ्याला हे नीट समजावून सांगावे की भाऊ तारखेला हजर राहिला नाही, तर कागदावर लिहिलेली रक्कम भरण्याची पाळी त्याच्यावर येऊ शकते. जामीनदारच मिळत नसेल आणि माणूस गरीब असेल, तर केवळ त्याच्या स्वतःच्या जातमुचलक्यावर, म्हणजे हजर राहण्याच्या लेखी हमीवर, सोडण्याची तरतूद आहे. अटकेनंतर आठवड्याभरात जामीन देता आला नाही, तर तो गरीब आहे असे कायदाच गृहीत धरतो. रक्कम अवाजवी असू नये, असेही कायद्यात आहे. हे सगळे लिहिण्याचे कारण असे की माझ्याकडे आलेल्या एका कुटुंबाने न्यायालयाच्या आवारात भेटलेल्या एका मध्यस्थाला ‘साहेबांना सांगून जामीन करून देतो’ एवढ्या शब्दावर आठ हजार रुपये दिले होते. ज्या जामिनाला कोणी नाही म्हणू शकत नव्हते, त्याचीच ती किंमत होती, आणि ते पैसे मुलाच्या आईने सोसायटीतल्या लोकांकडून उसने आणले होते.

कल्याणीनगरचे प्रकरण वेगळे का, हे समजून घेणे आवश्यक आहे. १९ मे २०२४ च्या त्या अपघातात दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले, आणि गाडी चालवल्याचा आरोप असलेला मुलगा १७ वर्षांचा असल्यामुळे त्याच्या जामिनाचा प्रश्न बाल न्याय कायद्याखाली, बाल न्याय मंडळापुढे गेला. त्याला त्याच दिवशी जामीन मिळाला, लोकक्षोभानंतर २२ मे रोजी त्याची रवानगी निरीक्षणगृहात झाली, आणि २५ जून रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्याची सुटका केली. आपल्या भावाच्या प्रकरणाला त्यातले काहीही लागू होत नाही. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. अपघातात मृत्यू झाला आणि पोलिसांनी भारतीय न्याय संहितेचे कलम १०६(१), म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू, एवढेच लावले, तर गुन्हा जामीनपात्र राहतो. परंतु दारू पिऊन गाडी चालवल्याने जीव जाऊ शकतो याची जाणीव होती, असे धरून कलम १०५, म्हणजे सदोष मनुष्यवध, लावले, तर तो अजामीनपात्र होतो आणि जामिनासाठी बहुधा सत्र न्यायालयात जावे लागते. एका कलमाच्या फरकाने माणूस त्याच रात्री घरी येतो किंवा येरवड्याच्या तुरुंगात जातो.

जामीन मिळाला म्हणजे प्रकरण संपले, असा समज करून घेऊ नये. हा गुन्हा चौकात पावती फाडून मिटवता येत नाही, तो न्यायालयातच चालतो. पहिल्याच तारखेला ‘गुन्हा कबूल, दंड भरतो’ असे म्हणून मोकळे होण्याकडे बहुतेकांचा कल असतो, आणि चूक खरोखर झालेली असेल तर ती कबूल करण्यात गैर काही नाही. पण दोषी ठरल्यावर न्यायालयाला किमान सहा महिन्यांसाठी वाहन चालवण्यास अपात्र ठरवावे लागते, हे माहीत असूनच कबुली द्यावी. माझ्याकडे उशिरा आलेला एक तरुण कंपनीची कॅब चालवत असे. दंड भरून तो निश्चिंत झाला होता, आणि लायसन्स गेल्यावर नोकरीही गेली. तो आधी आला असता, तर निदान काय होणार आहे ते त्याला कळले असते.

दुचाकी पोलिसांच्या ताब्यात असेल, तर तिच्यासाठी न्यायालयात वेगळा अर्ज करून ती सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यास पुन्हा हजर करण्याच्या लेखी हमीवर, सोडवता येते. नोंदणीचे व विम्याचे कागद जवळ ठेवावेत. आणि सुटल्यावर पहिली तारीख भावाच्या फोनमध्ये नव्हे, घरातल्या दिनदर्शिकेवर लिहावी. जामिनावर सुटून सबळ कारणाशिवाय गैरहजर राहणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि एकदा अजामीनपात्र वॉरंट निघाले की शनिवारी रात्री जो हक्क होता, तो विनंती करून मागावा लागतो.