ज्यूक जॉइंटच्या हार्मोनिका ब्लूजची सगळी गाणी सारखीच का वाटतात?

तुम्ही लिहिलंय की शिकागोचे, मायक्रोफोनवर वाजवणारे लिटल वॉल्टर ऐकून हार्मोनिका (माउथ ऑर्गन) आवडायला लागली, म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेतल्या ज्यूक जॉइंटवाल्या, म्हणजे नाचण्या-पिण्याच्या अड्ड्यांवर वाजवणाऱ्या, वादकांचा एक संग्रह मिळवला, आणि आता सगळी गाणी एकाच साच्यातली वाटतायत. मला वाटतं, तुम्ही सोलोची वाट बघत ऐकताय. या गाण्यांचा जीव गायकाची ओळ संपते तिथे असतो.

गाताना श्वास बाहेर जातो. ब्लूजवाले सी पट्टीची हार्मोनिका घेऊन जी पट्टीत वाजवतात, म्हणजे महत्त्वाचे सूर श्वास आत ओढताना लागतात. ओळ गाऊन झाली की श्वास घ्यायचाच असतो. तोच श्वास हार्मोनिकातून घेतला की गायलेल्या ओळीला वाद्याचं उत्तर तयार. शिवाय ओढलेला सूर जीभ आणि घसा हलवून खाली वाकवता येतो. आपल्या पेटीतही रीडच (सूर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या) असतात, पण पेटीवर मींड निघत नाही. इथे रीडला थेट तोंड भिडलेलं असतं, म्हणून निघते. तिसऱ्या भोकातला ओढलेला सूर किंचित उतरवला की ब्लूजचा तो दुखरा गंधार मिळतो. किती उतरवायचा, हे प्रत्येकाचं वेगळं. वादक ओळखू येतो तो तिथे.

आधी सनी बॉय विल्यमसन ऐका. या नावाचे दोन वादक होते; त्यातले दुसरे, म्हणजे राइस मिलर. १९४१ पासून ते आर्कान्सातल्या हेलेना गावच्या केएफएफए रेडिओवर, पिठाच्या कंपनीच्या कार्यक्रमात भर दुपारी थेट वाजवायचे. इतकं नाव होऊनही पहिली रेकॉर्ड निघायला १९५१ उजाडलं. ती काढली मिसिसिपीतल्या जॅक्सनच्या ट्रम्पेट कंपनीने, जी लिलियन मॅकमरी या बाई चालवत. त्यातलं ‘आयसाइट टू द ब्लाइंड’ लावा आणि फक्त ओळींच्या शेवटाकडे लक्ष द्या. गाणं कुठे थांबलं आणि वाजवणं कुठे सुरू झालं, ते सांगणं अवघड जातं.

मग लुइझियाना. क्राउली गावात जे. डी. मिलर यांचा स्टुडिओ होता. तिथली गाणी नॅशव्हिलची एक्सेलो कंपनी काढायची. त्यातले स्लिम हार्पो गळ्यात हार्मोनिका धरणारी रॅक अडकवून गिटार आणि हार्मोनिका एकदम वाजवत. १९५७ चं ‘आय अ‍ॅम अ किंग बी’ किती संथ, किती मोकळं आहे! मला तरी शिकागोच्या मायक्रोफोनवाल्या दणक्यापेक्षा हा मोकळेपणा जास्त भावतो. त्याच स्टुडिओत लेझी लेस्टर हार्मोनिका तर वाजवायचेच, पण तालासाठी पुठ्ठ्याच्या खोक्यावर गुंडाळलेलं वर्तमानपत्रही आपटायचे. त्यामुळे अशा गाण्यांतला ठोका कोरडा, बसका येतो. त्याला ध्वनिमुद्रणाचा दोष समजू नका.

ज्यूक जॉइंट म्हणजे कृष्णवर्णीय शेतमजुरांची शनिवार रात्रीची नाचण्या-पिण्याची जागा, बहुधा लाकडी खोपटं. लोक नाचत असायचे, म्हणून लय मोडायची नाही, हा पहिला नियम. सारखेपणा वाटतो त्यातला बराचसा या लयीचा आहे, आणि तो मुद्दाम राखलेला आहे.

एका बैठकीत पूर्ण संग्रह ऐकू नका. एका वादकाची चार गाणी लागोपाठ ऐका, मग दुसरा घ्या. अलाबामातल्या गॅड्सडेनचे जेरी मॅकेन त्यात असतील तर त्यांना शेवटी ठेवा. त्यांचं वाजवणं रॉक अँड रोलकडे झुकतं आणि लिटल वॉल्टरच्या चाहत्याला ते लगेच पकडतं.