डेटा लॉगर जोडलाय, मग नोंदी जातात कुठे?

प्रश्न (जालना, द्राक्ष बागायतदार): बागेत डेव्हिसचं व्हँटेज प्रो 2 हवामान केंद्र बसवलंय. डीलरने डेटा लॉगर (केंद्राच्या नोंदी साठवणारा छोटा भाग) लावून संगणकाला जोडून दिला. दर मिनिटाला नोंद ठेवली आणि सांगितलं, संगणक रात्रंदिवस चालू ठेवा, सॉफ्टवेअरवर रोगाच्या धोक्याची लाल खूण आली की फवारा. मध्ये चार दिवस लाईट नव्हती, पहिल्या दोन दिवसांची नोंदच नाही. तक्रार केली तर त्याच्या माणसाने येऊन सेटिंग बदललं आणि उरलेलंही गेलं. आता तो नवा लॉगर घ्या म्हणतो. घ्यावा का?

उत्तर: घेऊ नका. लॉगर ठणठणीत आहे, बिघडलाय तो सल्ला.

या लॉगरमध्ये 2560 नोंदी मावतात. भरला की सगळ्यात जुनी नोंद पुसून तिच्या जागी नवी बसते. दर मिनिटाला नोंद म्हणजे 42 तास 40 मिनिटांत लॉगर भरला. तेच अंतर 30 मिनिटं ठेवलं असतं तर 53 दिवसांची नोंद राहिली असती. बागेला मिनिटामिनिटाचं तापमान कशाला हवंय? अर्धा तास भरपूर झाला. लाईट नसताना डिस्प्ले सेलवर चालतो, लॉगर नोंदी साठवतो, म्हणून तर तो घ्यायचा. संगणक आठवड्यातून एकदा लावून नोंदी उतरवल्या तरी भागतं. 'चोवीस तास चालू ठेवा' हे डीलरचं खूळ आहे, बिल तुमचं वाढतं.

आणि हे पक्कं लक्षात ठेवा: नोंदीचं अंतर बदललं की लॉगरमधलं सगळं पुसलं जातं. आधी नोंदी उतरवा, मगच सेटिंगला हात लावा. डीलरचा माणूस आला तर त्यालाही आधी उतरवायला लावा, तुमच्या डोळ्यांदेखत. हा प्रकार मी बऱ्याच बागांत पाहिलाय आणि दर वेळी दुकानदाराने नवीन यंत्रच खपवलंय.

पावसाचं सेटिंगही आजच तपासा. मापकाची पळी (पाण्याने भरली की उलटते ती) 0.2 मिमीची आणि डिस्प्लेवर सेटिंग 0.01 इंचाचं असेल, तर 50 मिमी पाऊस 63.5 मिमी दिसतो. मग गावभर सांगत फिरता, आमच्याकडे अतिवृष्टी झाली.

म्हणून माझा आग्रह एकच, आणि तो मी सोडणार नाही: केंद्राशेजारी मोकळ्या जागेत साधं पर्जन्यमापक लावा. झाड आणि पत्र्याचं शेड लांब पाहिजे. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा, वहीत लिहा. हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो. सॉफ्टवेअरमध्ये दिवस रात्री बाराला बदलत असेल, तर ताळा घेताना तेवढं ध्यानात घ्या. वही आणि यंत्र सारखं जुळेना झालं तर आधी मापकाच्या जाळीत पाला, माती अडकली का बघा.

आता लाल खूण. लाल दिसलं की फवारा, हा सल्ला औषध विकणाऱ्याचा आहे. सकाळी बागेत जा, पान उलटं करा. वर तेलकट पिवळा डाग आणि खाली पांढरी बुरशी असेल तर डावणी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) आहे. डाग नसेल, तरी पानं ओली राहतायत आणि पावसाचा अंदाज आहे, तर प्रतिबंधक फवारणीचा विचार करा. परभणीच्या कृषी विद्यापीठाची हवामान पत्रिका मंगळवारी आणि शुक्रवारी येते, ती वाचून ठरवा. मात्रा लेबलवर लिहिलीय तेवढीच. 'खूण गडद लाल आहे, दीडपट घ्या' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. जास्त मात्रेने डावणी लवकर जात नाही, पान करपतं आणि द्राक्षात राहिलेल्या औषधाच्या अवशेषापायी माल परत येतो. पण पाऊस अगदी पडायच्या बेतात असताना फवारून पैसे वाहून घालवू नका.

फळपीक विम्याचं थोडक्यात: भरपाई महसूल मंडळासाठी ठरवून दिलेल्या संदर्भ हवामान केंद्राच्या आकड्यांवर ठरते, घरच्या केंद्राच्या नाही. 'विम्याला पुरावा होईल' म्हणून लॉगर विकत असतील तर ते खोटं आहे.

दुसरा प्रश्न (तुळजापूर): लॉगर लावला, संगणक 'पोर्ट सापडत नाही' म्हणतो.

उत्तर: यूएसबी लॉगरचा ड्रायव्हर आधी संगणकात टाका. मग डिस्प्लेचं अॅडाप्टर आणि सेल, दोन्ही काढा. चालू डिस्प्लेत लॉगर खुपसू नका. सरळ बसवा, पिना वाकतात. सेल घालून तारीख-वेळ पुन्हा लावा, नाहीतर नोंदी भलत्याच तारखेला पडतात. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टचा जो आकडा दिसेल तोच सॉफ्टवेअरमध्ये द्या. दोन सॉफ्टवेअर एकाच वेळी उघडी ठेवू नका, एकाने पोर्ट धरला की दुसऱ्याला मिळत नाही. एवढं करूनही जमलं नाही तर यूएसबीची वायर बदलून बघा.