लूथर मोठा की गुटेनबर्ग?

प्रश्न : नववीच्या वर्गात युरोपच्या इतिहासातल्या सर्वांत प्रभावी व्यक्तीसाठी बाद पद्धतीची वादस्पर्धा घेतो. नावं १६. पण मुलं मित्राला मत देतात आणि दरवेळी नेपोलियन जिंकतो. काय करावं?

उत्तर : हात वर करून मत घेतलंत की मैत्रीच जिंकणार. श्रोत्यांना चिठ्ठ्या द्या. निकष तीन, प्रत्येकी ५ गुण : परिणाम किती लोकांपर्यंत पोहोचला, किती काळ टिकला, आणि ही व्यक्ती नसती तर ते काम दुसऱ्या कुणी केलं असतं का. खाली वक्त्याने दिलेला एक पुरावा लिहायचा. तो नसेल तर चिठ्ठी बाद.

नेपोलियनच्या वकिलांना लढाया सांगू देऊ नका. साम्राज्य १८१५ मध्ये आटोपलं. १८०४ची नागरी संहिता मात्र राहिली. तिचा ठसा पोर्तुगालच्या १८६७च्या संहितेवर पडला आणि ही पोर्तुगीज संहिता गोव्यात आली. मुलांना हे माहीत नसतं, ते ऑस्टरलिट्झच्या लढाईवरच अडकतात.

जोड्या सोडत काढून लावू नका. शास्त्रज्ञ क्युरी विरुद्ध जर्मन राजकारणी बिस्मार्क म्हणजे दोन स्वतंत्र भाषणं, वाद नव्हेच. १५१७ मध्ये चर्चविरुद्ध उभं राहून धर्मसुधारणा सुरू करणाऱ्या लूथरसमोर युरोपात छापखाना सुरू करणारा गुटेनबर्ग ठेवा. गुटेनबर्गची बाजू म्हणेल : लूथरच्या शंभर वर्षं आधी बोहेमियातला धर्मोपदेशक यान हुसनेही चर्चवर तोफ डागली होती, १४१५ मध्ये त्याला जाळलं, तेव्हा छापखाना नव्हता. लूथरची बाजू उलटवेल : १५१७ पर्यंत छपाईला साठ वर्षं होऊन गेली होती, मग तोवर धर्मसुधारणा का झाली नाही? शिवाय गुटेनबर्गच्या काळात त्याच्या मेंझ शहरात चर्च विकत असलेली पापमुक्तीची पत्रंही छापली जात होती, म्हणजे लूथर ज्यावर तुटून पडला तोच माल! इथे तिसरा निकष खरा कामाला येतो.

वेळ : प्रत्येक बाजूला ३ मिनिटं मांडणी, १ मिनिट खंडन, मग २ मिनिटं गुणांकन. ३५ मिनिटांच्या तासिकेत तीन लढती, एकूण १५. पाच तासिका धरा.

प्रश्न : यादीत हिटलर ठेवावा का? पालक तक्रार करतील अशी भीती वाटते.

उत्तर : ठेवा. 'प्रभावी म्हणजे थोर नव्हे' हे आधी फळ्यावर लिहा आणि बाजू तुम्हीच नेमून द्या. हौसेने पुढे येणाऱ्याला ती देऊ नका. मांडणी परिणामांची हवी : ज्यूंचा संहार, जर्मनीची फाळणी, १९४८चा मानवी हक्कांचा जाहीरनामा. त्याच्या 'कर्तबगारी'चं कौतुक सुरू झालं तर वक्त्याला तिथेच थांबवा आणि त्या फेरीचे गुण कापा.